सहा दहाची हजेरी

काका, गेले पंधरा दिवस सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी घरात नुसती हिंडते. धुतलेले कप पुन्हा धुते. गॅलरीत जाऊन समोरच्या टाकीवर बसलेला मोर बघते. जयपूरच्या कडेच्या झालाना जंगलातून तो रोज येतो, मला बघतो, आणि दोघांनाही एकमेकांशी काही काम नसतं. पियानोपुढे मात्र बसत नाही. त्याचं झाकण तुमच्या हुकमाप्रमाणे उघडंच आहे. पट्ट्यांवर धूळ बसली आहे, ती पुसायलाही हात होत नाही.

मला बोलती केली की थांबवायला दोन माणसं लागतात, हे तुम्हीच म्हणायचात. त्या मला हे लिहायला बसायला पंधरा दिवस लागले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, ती मी सांगितली नाही. सांगितली नाही एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. तुमच्या तोंडावर त्याच्या नेमकं उलटं सांगितलं, तेही आवाज चढवून, तुमच्याच घरात, तुमचाच चहा पीत. आता ती गोष्ट घेऊन मी कुठे जाऊ?

तर तुम्हालाच सांगते. पण मला ओळखता तुम्ही. मुद्द्यावर येण्याआधी मी एक फेरी मारून येणार.

आपली ओळख गणपतीत झाली. इथल्या मराठी मंडळाचा गणपती, सोडाल्यातला तो हॉल, आणि माईक अर्थातच माझ्या हातात. तुम्ही पेटीवर बसला होतात. आरती सुरू झाली आणि तुम्ही असा वेग धरलात की टाळवाले मागे पडले, बायकांना श्वास घ्यायला जागा मिळेना, आणि कडेला उभे असलेले दोन निवृत्त हवालदार आपोआप ताठ झाले. मी माईकवर म्हणाले, आरती पोचली आहे, देव अजून वाटेत आहेत, कृपया थांबावं. हॉल हसला. तुम्ही काकूंकडे पाहिलंत, मग तुम्हीही हसलात. एक क्षण उशिरा. मला वाटलं, शिस्तीचा माणूस आहे, परवानगी घेऊन हसतो.

लष्करी बँडात चौतीस वर्षं काढलेला सुभेदार मेजर, साताऱ्याचा, निवृत्तीनंतर गावी न जाता इथेच राहिलेला, कारण काकूंचे गुडघे इथल्या कोरड्या हवेत बरे राहतात. एवढी माहिती मी प्रसादाच्या रांगेत काढली. मग माझी रडकथा सांगितली. घरी एक विजेवर चालणारा पियानो आहे, तो मुलीसाठी घेतला होता, रेवानं चार महिन्यांत सोडला, आता आम्ही त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो. मला शिकायचं आहे. पण नवरा महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर, ऑफिस सी-स्कीमला, सव्वाआठला घर सोडायचं, मुलगी बारावीत. वेळ कुठून आणू?

तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून सगळं ऐकून घेतलंत. इतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही हो, मी तिथेच जिंकली गेले.

“दूध किती वाजता येतं?” तुम्ही विचारलंत.

“सहाला.”

“तापवून उतरवायला?”

“दहा मिनिटं.”

“मग सहा दहा.”

झालं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात टिकलेला नियम प्रसादाच्या शिऱ्याच्या रांगेत ठरला. दूध उतरवलं की बसायचं. तुम्हाला फोन लावायचा, ‘हजर’ म्हणायचं, फोन पियानोवर ठेवायचा आणि दहा मिनिटं वाजवायचं. दहा मिनिटांनी तुम्ही तिकडून ‘ठीक’ म्हणणार आणि फोन बंद. कौतुक नाही, चूक दाखवणं नाही, ते सगळं रविवारी तुमच्या घरी. झाकण कधी बंद करायचं नाही, कारण बंद झाकण उघडण्यातच माणसाचा निम्मा उत्साह संपतो, म्हणालात. तुकडा सुरुवातीपासून वाजवायचा नाही, जिथे चुकतो तिथून उचलायचा. संचलनात पाय चुकला तर पलटण फाटकापाशी परत नेत नाहीत. आणि शेवटचं कलम: रजा लागली तर मागायची. मागितली की मिळेल. न सांगता दांडी मात्र नाही.

मी भांडले. मी रविवारवाली बाई. सहा दिवस धावपळ, सातव्या दिवशी तीन तास सलग, दार लावून, असं माझं म्हणणं. तुम्ही विचारलंत, आठवड्याचं जेवण रविवारी जेवता का? मी म्हणाले, लग्नात जेवते. काकूंनी ते तुमच्याकडे तोंड करून परत सांगितलं, तेव्हा तुम्ही खदखदून हसलात. मला वाटलं, काकूंना माझे विनोद इतके आवडतात की त्या दोनदा ऐकवतात. हा वाद आपला सुटला नाही. तुम्ही दहा मिनिटांचे राहिलात, मी मनातून तीन तासांची.

पण काका, मी बसायला लागले. पहिले पंधरा दिवस बोटं दुधाच्या पातेल्याइतकी जड होती. मग एके दिवशी दूधवाला भैया उशिरा आला आणि मला चहाच्या आधी पियानो आठवला. पुण्याला मावशीकडे गेले तेव्हा पियानो कुठला, तर तिच्या जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटं बोटं बडवली. फोन शेजारी, लोणच्याच्या बरणीला टेकवून. मावशीनं माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, हिला जयपूरची हवा बाधली का रे. दहा मिनिटांनी तुम्ही ‘ठीक’ म्हणालात. मला वाटलं, नुसत्या टेबलावरूनही याला लय कळली. काय कान आहे.

तुमच्या हातानं लिहिलेली ती छोटी मार्चची चाल, चार ओळींची, तुम्ही मला तिसऱ्या महिन्यात दिलीत. पहिल्या दोन ओळी सलग वाजल्या त्या सकाळी रेवा तोंडात ब्रश घेऊन दारात येऊन उभी राहिली. “मम्मी, ये तो मतलब... खरंच गाणं आहे,” म्हणाली. तिच्या मराठीत एवढं मोठं वाक्य क्वचित येतं. तिसऱ्या ओळीत डाव्या हाताची करंगळी जिथे खाली जायला हवी तिथे माझी जायची नाही, तिथे मी पडायची. रविवारी तुम्ही तुमच्या पियानोच्या कुशीला तळहात लावून उभे राहायचात. लष्कराच्या मेसमधून निकालात काढलेला तो जुना उभा पियानो, त्याच्या पोटात तुम्ही पाण्याचा वाडगा ठेवलेला, इथल्या कोरडेपणानं लाकूड तडकू नये म्हणून. मी पडले की तुम्ही तळहात न उचलता मान हलवायचात. “तिथून,” एवढंच.

आता मुद्दा.

फेब्रुवारीत रेवाची परीक्षा आणि ऑफिसातलं एक काम असं एकत्र आलं की मला सहा दहाला पोळ्या लाटायला लागायच्या. रजा मागायची होती. साधं होतं. पण पाच महिन्यांत मी एकदाही रजा घेतली नव्हती आणि याचा मला इतका गर्व झाला होता की मंडळात, ऑफिसात, लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी ते सांगत होते. ते मोडवेना. मग रेवानं मला पियानोवरचं एक बटण दाखवलं. दाबलं की तुम्ही वाजवाल ते तो लक्षात ठेवतो. पुन्हा दाबलं की स्वतःच वाजवतो.

मी रविवारी दहा मिनिटं बसून सराव भरून ठेवला. खरा वाटावा म्हणून तिसऱ्या ओळीत नेहमीसारखी पडले, थोडी थांबले, पुन्हा उचललं. नाटकात काम केलेली बाई मी, हातचं राखीन कशाला? सोमवारी फोन लावला, ‘हजर’ म्हटलं, बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात गेले. पहिली पोळी लाटली ती कान फोनकडे ठेवून. दहा मिनिटांनी फोनमधून आलं, ‘ठीक’.

काका, मला हसू आलं. ते मी लपवणार नाही. चौतीस वर्षं बँड ऐकलेल्या माणसाला फसवलं म्हणून मी पोळपाटाशी एकटीच हसले. मंगळवारीही तसंच. बुधवारी हसू आलं नाही. त्यानंतर रोज ठरवायची, उद्या सांगते. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी रविवार होता. मी आले, काकूंनी चहा दिला. तुम्ही मला पियानोवर बसायला सांगितलं नाहीत, हे मला खटकायला हवं होतं. तुम्ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलात.

“ताई, चार दिवस रजा घ्या,” म्हणालात.

माझं डोकंच फिरलं. चोराला कुणी पाणी विचारलं तरी तो पोलिस समजतो. मी म्हणाले, मी कशाला रजा घेऊ, मी मागितली का? पाच महिने झाले, पाऊस, ताप, पाहुणे, काही पाहिलं नाही, एक दिवस तरी चुकवला का मी? माझ्या वाजवण्यात काय खोट दिसली ते सांगा ना. तुम्ही शांतपणे म्हणालात, खोट नाही, दमलाय तुम्ही. मी म्हणाले, मी दमलेली नाही, मी रोज वाजवते. रोज. हा शब्द मी दोनदा म्हटला. काकू मध्येच उठून आत गेल्या. मी कप अर्धा ठेवून बाहेर पडले.

तुम्ही फाटकापर्यंत आलात. “रजा मागितली की मिळती. एवढं ध्यानात ठेवा.” मी स्कूटर सुरू करत, मागे न बघता, ‘कळलं’ म्हणाले.

सोमवारी आणि मंगळवारी मी पुन्हा बटण दाबलं. आवाज जरा वाढवूनच. बुधवारी सहा दहाला फोन लावला, कुणी उचलला नाही. सुभेदार रुसले, म्हटलं, रुसू देत. पुन्हा लावला नाही. साडेआठला ऑफिसच्या वाटेवर, सिग्नलला, काकूंचा फोन आला. “हे गेले गं,” म्हणाल्या. पहाटे, झोपेतच. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मला स्कूटर पुढे कशी न्यायची हे आठवत नव्हतं.

तुमच्याकडे त्या दिवशी जुनी माणसं जमली, पलटणीतली, मंडळातली. कुणीतरी म्हणालं, वर्षाताई दोन शब्द बोलतील. मी कुठेही बोलते, बारशाला, निवडणुकीला, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. त्या दिवशी मी हात जोडले आणि मागे जाऊन चपलांपाशी उभी राहिले.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी काकूंजवळ बसले. ठरवून गेले होते की निदान यांना सांगायचं. बटणाचं सगळं सांगितलं, रडत, पण खरं सांगते, जरा रंगवूनही, माझी सवय कुठे जाते. काकू हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या.

“काकांनी ओळखलं होतं?”

“ते कसं ओळखतील? त्यांना ऐकू कुठं येत हुतं? दोन वर्षं झाली, पार बंद झालं हुतं. बँडात मोठ्या ढोलाशेजारी उभं राहून राहून कान गेलं. तोंडाकडं बघून कळायचं त्यांना, घरात निभायचं. फोनवर काय कळणार?”

मग फोन कोण ऐकायचं, असं विचारलं.

“मी,” काकू म्हणाल्या. “भाजी निवडत बसायची, फोन मोठ्या आवाजात लावून. तू हजर म्हणालीस की त्यांना मान हलवून सांगायची. दहा मिनिटं झाली की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची, म्हणायची, झालं. मग ते म्हणायचे ठीक.”

तो ‘झालं’ मी ऐकला होता काका, कितीतरी वेळा, ‘ठीक’च्या आधी, लांबून. मला वाटायचं काकूंचा चहा झाला.

तिकडे ऐकणारा ऐकत नव्हता, इकडे वाजवणारी वाजवत नव्हती, आणि दोघं एकमेकांना ‘हजर’ आणि ‘ठीक’ म्हणत होतो. हे दुसऱ्या कुणाचं असतं तर मी मंडळात उभी राहून असं सांगितलं असतं की लोक खुर्च्यांवरून पडले असते. माझे सगळे विनोद तुम्ही काकूंच्या चेहऱ्यावर ऐकलेत. लाकडाला तळहात लावून माझी करंगळी ऐकलीत. मावशीच्या टेबलाला तुम्ही दिलेला ‘ठीक’ हा तर काकूंच्या दहा मिनिटांच्या हिशेबानं पियानोइतकाच बरोबर होता. आणि फाटकापाशी मी पाठ करून ‘कळलं’ म्हणाले, ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही.

मी काकूंना म्हणाले, मला सांगायचं ना. त्यांनी निवडलेली भाजी बाजूला केली. “शिकवणाऱ्याला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर तू आली असतीस का? रविवारची वाट बघायचे ते. शनिवारपासनं वाडग्यात पाणी बदलायचे.”

माझं बटण त्यांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं होतं. त्याच जागी तसंच अडखळणं, त्याच जागी तेवढंच थांबणं, आणि मागे पोळपाटावर लाटणं. दोन्ही हात पियानोवर असलेली बाई पोळ्या कशी लाटते, असा साधा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी तुम्हाला सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाले? काकूंनी भाजीची देठं गोळा केली.

“म्हणाले, पळून गेल्याली न्हाई. वाजवायला जमत न्हाई तरी फोन रोज लावती. रजा मागायला लाजती पोरगी. रविवारी आपणच देऊ.”

काका, तुम्ही मला रजा द्यायला बसला होतात. चोरी पकडून, तिचं नावही न काढता, माझी लाज झाकायला खुर्ची ओढून समोर बसला होतात. आणि मी तुमच्याशी भांडून निघून गेले. आता हे कसं निस्तरायचं ते मला सुचत नाही. माफी मागायला समोर तोंड लागतं, आणि माझ्या बाबतीत तर तुमचे डोळे माझ्या तोंडावर असायला लागतात.

ते भरून ठेवलेलं वाजवणं अजून पियानोत आहे. पुसून टाकू का, असं तो विचारतो, हो किंवा नाही. मी दोनदा तिथपर्यंत गेले आणि बोट मागे घेतलं. तुमच्या घरी माझ्याकडून शेवटचं पोचलं ते तेच. खोटं आहे, पण दुसरं काही नाही माझ्याकडे.

निघताना काकू म्हणाल्या होत्या, फोन करत जा, ऐकायला मीच होते की. मी हो म्हणाले आणि दोन दिवस केला नाही.

हे इथवर काल रात्री लिहिलं. आज सकाळी केला. दूध उतरवलं, पियानोपुढे बसले, पट्ट्या पदरानं पुसल्या. नंबर तोच. दोन घंट्यांतच उचलला, म्हणजे त्या फोनजवळ बसल्या होत्या. रोज बसत असतील का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आधी बोलायची माझी पाळी होती. ‘हजर’ म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द येईना. गेल्या वेळी तो मी आठ दिवस खोटा वापरला होता. हात पट्ट्यांवर होते, तिसरी ओळ समोर होती, करंगळी जागेवर होती, आणि एकही बोट खाली जाईना.

“काकू,” मी म्हणाले, “आज रजा पाहिजे.”

तिकडे ताटली सरकवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “दिली. पण फोन ठेवू नकोस.”

मी फोन पियानोवर ठेवला, नेहमीच्या जागी. वाजवलं काहीच नाही. तिकडून मटाराच्या शेंगा मोडल्याचा आवाज येत होता, एक, मग एक, ताटलीत दाणे पडत होते. इकडे रेवानं नळ सोडला, बंद केला. टाकीवरचा मोर ओरडला, तो त्यांना ऐकू गेला असेल. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले आणि पहिल्यांदा मला कळलं की दहा मिनिटं किती मोठी असतात.

मग फोनमधून काकूंचा आवाज आला, लांबून, नेहमीसारखा.

“झालं.”

आणि मी ‘ठीक’ची वाट बघत बसले.